चार नंबर काढायचा

“मग वस्ताद, चार नंबर काढायचा ना?”

निनादने दुसऱ्यांदा विचारलं.

वस्ताद कासम शिकलगार गोलची फाटकी जाळी मांडीवर घेऊन बसले होते. नायलॉनचा दोरा सुईत जाईना. त्यांनी तो ओठांत धरून ओला केला, पुन्हा ओवला, गाठ मारली.

“जवळ आण,” ते म्हणाले. “लांबनं मला नुसते रंग दिसतात.”

निनादने लॅपटॉप त्यांच्या गुडघ्यापाशी नेला.

ही गोष्ट कोल्हापुरातल्या चिंचेखालच्या तालमीची. आमच्याकडे तालमीत कुस्तीचा आखाडा असतो तसा फुटबॉलचा संघही असतो, आणि संघ हरला तर त्या दिवशी अख्ख्या पेठेला जेवण गोड लागत नाही. यंदा तालीम सोळा वर्षांनी अंतिम सामन्यात पोचली होती. सामना रविवारी होता, बुरुजाच्या तालमीशी. हे बोलणं चाललं होतं ते शुक्रवारी संध्याकाळी.

वस्तादांचं वय त्र्याहत्तर. एकोणीस वर्षं ते याच संघात बॅक म्हणून, म्हणजे बचावाला, खेळले. आता ते फक्त चार बॅकना शिकवतात. फॉरवर्ड लोकांकडे ते बघतही नाहीत. फॉरवर्डना शिकवायला पुष्कळ जण येतात, असं ते म्हणतात.

निनाद सरनोबत त्यांचाच शिष्य. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली पळाला, पण मोठ्या संघात त्याला कधी घेतलं गेलं नाही. मग तो पुण्याला गेला, संख्याशास्त्र शिकला, मोठ्या कंपनीत लागला. यंदा त्याने मनाशी ठरवलं होतं, पायाने नाही जमलं ते डोक्याने करून दाखवायचं.

त्याने खरंच कष्ट घेतले होते. तालमीतली पोरं प्रत्येक सामना मोबाइलवर चित्रित करून त्याला पाठवत. तो सुट्टीच्या दिवशी पुण्यात बसून ते सामने थांबवत, मागेपुढे करत बघायचा. कोणी किती टॅकल करून चेंडू हिसकावले, डोक्याने किती हेडर मारले, किती चेंडू अडवले, किती धावला. अकरा सामने. तीन महिने.

आणि त्यातून त्याला एक माणूस सापडला होता.

“हे बघा वस्ताद. दोन नंबर, बेचाळीस टॅकल. तीन नंबर, एकावन्न. पाच नंबर, अडतीस. आणि चार नंबर…”

“किती?”

“सात. अकरा सामन्यांत सात.”

“हेडर?”

“नऊ. धावणंही सगळ्यात कमी. माणूस मैदानात आहे की नाही हेच कळत नाही.”

वस्ताद तक्त्याकडे बघत राहिले. नंबराच्या रकान्याशेजारी नावं होती. चार नंबरपुढे लिहिलं होतं, पिराजी साळोखे.

पिराजी संघातला सगळ्यात थोरला. वय तेहेतीस. औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला. गुडघा दुखतो म्हणून हा शेवटचा हंगाम, असं त्याने आधीच सांगितलं होतं. चौथीतली मुलगी रविवारी पहिल्यांदा बापाचा खेळ बघायला येणार होती. तिने शाळेत सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं.

तो तक्ता निनादने बुधवारी तालमीच्या बैठकीत दाखवला. रंगीत रकाने बघून कमिटीतली माणसं भारावली. नंबर कोणी पाहिले नाहीत, नावंच वाचली. पिराजीचं वय झालंय हे सगळ्यांना तसंही वाटत होतंच. अध्यक्ष अण्णा म्हणाले, वस्तादांनी हो म्हटलं की झालं, शनिवारी दुपारपर्यंत मला चार नावं द्या. आणि मग घाई करून त्यांनी पिराजीला सांगूनही टाकलं की बाबा, या वेळी बाहेर बसावं लागेल असं दिसतंय.

पिराजीने मान डोलावली. मुलीला मात्र त्याने अजून सांगितलं नव्हतं.

“हा एक रकाना हिरवा का?” वस्तादांनी विचारलं.

निनादचा चेहरा खुलला. तो उपांत्य सामना होता. एकही गोल खाल्ला नाही. यंदाचा आपला सर्वांत चांगला बचाव, म्हणून हिरवा.

“अस्सं.”

वस्तादांनी जाळीचं आणखी एक भोक शोधलं. सुई घातली. ओढली.

“आकडे खोटे नाहीत ना रे?”

“एकही नाही वस्ताद. तीन-तीनदा मोजलेत.”

“मग काढू की.”

निनादला हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. तो थोडा गडबडला. मग त्याने विचारलं, पिराजीच्या जागी कोण?

“उद्या सकाळी सात वाजता ये,” वस्ताद म्हणाले. “बूट घेऊन ये.”

“मी?”

“चार नंबर काय करतो ते तुझ्याइतकं कुणी मोजलेलं नाही. सरावापुरता तूच उभा राहा.”

…

सकाळी निनाद आला तेव्हा तालमीमागच्या मैदानावर सगळे जमले होते. बूट चुलतभावाचे, एक माप मोठे. आत त्याने मोज्यांचे दोन जोड घातले होते. वस्तादांनी चार नंबरची जर्सी त्याच्या अंगावर टाकली. ती पोटावर येऊन अडली.

“पुण्यात खानावळ चांगली मिळालीय वाटतं,” दिगू म्हणाला.

दिगू, अस्लम आणि संकेत हे बाकीचे तीन बॅक. तिघंही खाली बघून बुटांच्या नाड्या बांधत होते. अस्लमच्या नाड्या बांधून कधीच झाल्या होत्या, तरी तो बांधतच होता. त्याचे खांदे हलत होते.

पिराजी पलीकडे भिंतीवर बसला होता. पायात चपला होत्या.

वस्तादांनी निनादला बोटावर मोजून तीन गोष्टी सांगितल्या. तिघांच्या मागे राहायचं. तिघंही हुकल्याशिवाय चेंडूला पाय लावायचा नाही. आणि तोंड बंद ठेवायचं नाही.

“एवढंच?”

“एवढंच.”

समोरून संघातले पाच फॉरवर्ड येणार होते. त्यांचा म्होरक्या मुन्ना. तो पळायला लागला की मागे फक्त धूळ दिसते.

पहिला चेंडू डावीकडून आला. संकेत आणि मुन्ना एकमेकांना भिडले. चेंडू दोघांच्या पायांत अडकला, सुटला, पुन्हा अडकला. निनादला राहवेना. आपण नुसतं उभं राहून बघायचं, हे त्याला लाजिरवाणं वाटायला लागलं. तो धावला, पाय घातला, आणि चेंडू चक्क हिसकावला.

अगदी स्वच्छ टॅकल होता.

चेंडू घरंगळत उजवीकडच्या फॉरवर्डकडे गेला. त्याच्यापुढे मैदान मोकळं होतं. निनाद जिथे असायला हवा होता तिथे कोणीच नव्हतं. गोल झाला.

वस्ताद मैदानात चालत आले. सावकाश. त्यांनी निनादचा कान धरला, त्याला धरून मागे नेलं, एका जागी उभं केलं, चपलेच्या टोकाने त्याच्यापुढे मातीत एक रेघ ओढली आणि परत जाऊन बसले.



आता निनाद रेघेमागे उभा राहिला. बोलायचं आहे हे त्याला आठवलं.

“अस्लम, तू जरा डावीकडे सरकतोस का?”

वाक्य पुरं होईपर्यंत चेंडू अस्लमला ओलांडून गेला होता. नशिबाने बाहेर गेला. मैदानभर हसू पसरलं. भिंतीवरचा पिराजीही हसला आणि मग ओरडून म्हणाला, “अरे मर्दा, पत्र लिवालास काय?”

पुढच्या वेळी निनाद म्हणाला, “अस्लम, डावं.”

अस्लम डावीकडे सरकला. फॉरवर्ड थांबला.

“दिगू, मागं बघ.”

दिगूने मागे बघितलं. मागून येणारा थबकला.

“संक्या, सोड त्याला, सोड, मी हाय.”

मी हाय हे शब्द आपल्या तोंडून कधी निघाले, निनादलाही कळलं नाही. पुण्यात तो ‘मी आहे’ म्हणतो.

हळूहळू त्याच्या लक्षात आलं की इथून सगळं दिसतं. तिघांच्या पाठी दिसतात. कोणाचा श्वास लागलाय, कोण कोणाकडे बघतोय, कुठे फट पडतेय. मोबाइलच्या चित्रात हे कधी दिसलं नव्हतं. तिथे चेंडू दिसायचा, आणि चेंडूभोवतीची दोन माणसं.

एकदा दिगू आणि संकेत यांच्यात मोठी फट पडली. मुन्ना एकटा चेंडू घेऊन सरळ त्या फटीकडे निघाला. रेघ सोडून पुढे जावंसं वाटलं. पण कान अजून गरम होता. तो फक्त अर्धं पाऊल उजवीकडे सरकला आणि उभा राहिला.

मुन्नाने मान वर केली. निनादकडे बघितलं. चेंडू पायाखाली दाबला, वळला आणि मागच्याला देऊन टाकला.

बस. बाकी काही झालं नाही.

असं किती वेळा झालं कोण जाणे. निनाद बोलत होता, अर्धं पाऊल इकडे, अर्धं पाऊल तिकडे. घसा बसला. जर्सी अंगाला चिकटली. चाळीस मिनिटं झाली तेव्हा वस्तादांनी टाळी वाजवली. तेव्हा कुठे त्याला जाणवलं की आपण हसतोय. या मैदानावर तो सहा वर्षं पळाला होता. एवढा खूश मात्र तो इथे कधीच झाला नव्हता.

…

सगळे चिंचेखाली बसले. कोपऱ्यावर म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरून ताजं दूध आलं होतं, फेसाचे पेले फिरले. वस्तादांनी पिराजीलाही भिंतीवरून खाली बोलावलं.

“लॅपटॉप उघड,” ते निनादला म्हणाले. “आज चार नंबर तू होतास. लिही तुझं.”

निनादने नवी ओळ घेतली.

“टॅकल?”

“एक.”

“त्याचं काय झालं?”

“गोल झाला.”

“त्याच्यानंतर?”

“टॅकल शून्य.”

“आणि गोल?”

“… शून्य.”

“हेडर?”

“शून्य.”

“चेंडूला पाय?”

निनाद आठवायला लागला. त्या पहिल्या टॅकलनंतर त्याच्या पायाला चेंडू लागलाच नव्हता. त्याने तिथेही शून्य लिहिलं. धावण्याचा रकाना त्याने रिकामाच ठेवला. काय लिहिणार? अर्धं पाऊल कशात मोजायचं?

वस्तादांनी मान पुढे करून ती ओळ वाचली. दुधाचा घोट घेतला. मिशीला फेस लागला.

“या माणसाला संघात ठेवशील?”

निनाद त्या ओळीकडे बघत राहिला…

“तक्ता बघून?”

“तक्ता बघून.”

“नाही.”

“मग काढू या तुलाबी.”

आधी अस्लम हसला. त्याच्या नाकातून दूध आलं. मग सगळेच हसायला लागले. निनादला हसू यायला थोडा वेळ लागला, पण आलं तेव्हा ते थांबेना.

ते थांबल्यावर तो उठला आणि पिराजीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, “पिरादादा, माझं चुकलं. तुम्ही अकरा सामने हेच करत होता, आणि मला ते दिसलं नाही.”

पिराजी अवघडला. त्याने पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“मी कुठं?” तो म्हणाला. “मी यंदा तीनदाच होतो चार नंबर.”

निनादला कळेना.

“शाहूपुरीवाल्यांबरोबर अस्लम होता,” दिगू म्हणाला. “त्याच्यानंतर मी.”

“मी सलग दोनदा,” संकेत म्हणाला. हे सांगताना त्याने मान खाली घातली, पण तोही हसत होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तालमीच्या आतल्या खोलीत, मुदगलांच्या वर, भिंतीला चार खिळे आहेत. त्यांवर दोन ते पाच नंबरच्या जर्सी असतात. कोणतीही जर्सी कोणा एकाची नाही. दर सामन्याला ती बदलते. आधीच्या सामन्यात ज्याच्याकडून चूक झाली, त्याने पुढच्या सामन्याला चार नंबर घालायचा आणि सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. बाकीच्यांनी उरलेल्या तीन घ्यायच्या.

हंगामाच्या सुरुवातीला निनादला संघाचा एक फोटो आला होता. त्यात चार नंबर पिराजीच्या अंगावर होता. तेवढ्यावरून त्याने नाव लिहिलं. पुढे मोबाइलच्या चित्रात माणसं मुगाएवढी दिसायची. चेहरे कळायचे नाहीत, पाठीवरचे आकडे तेवढे कळायचे.

तो धपकन खाली बसला.

“तीन महिने,” तो म्हणाला. “तीन महिने मी एका जर्सीला पिराजी म्हणत होतो.”

“जर्सीनं काही तक्रार केली नाही ना?” अस्लमने विचारलं.

निनादने विचारलं, पण मग हे मला कोणीच का सांगितलं नाही? तक्ता आम्हाला कोणी दाखवलाच नव्हता, दिगू म्हणाला, आणि त्याने वस्तादांकडे बोट दाखवलं. काल संध्याकाळी त्यांनी तिघांना बोलावून बजावलं होतं, उद्या सराव संपेपर्यंत जो तोंड उघडेल तो रविवारी बाहेर बसेल.

मग तो वस्तादांकडे वळला. त्याला एक गोष्ट खरोखरच समजत नव्हती.

“चुकलेल्या माणसाला मागे का उभं करता? तिथे तर सगळ्यात भरवशाचा माणूस हवा.”

वस्तादांनी स्वतःची गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला होता. तालीम हरली. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचे वस्ताद स्वतः दारात आले. हातात चार नंबरची जर्सी होती. आईला वाटलं, पोराला मारायला आले.

“काय म्हणाले ते?”

“म्हणाले, मागं उभा राहा. तुला आता भीती कशी दिसते ते ठाऊक झालंय.”

चिंचेवरून एक वाळकी शेंग पडली. संकेतने ती उचलली, सोलली आणि तोंडात टाकली.

…

निनादने तिथूनच अण्णांना फोन लावला. तक्ता चुकलाय म्हणून सांगितलं. नावं सगळी जुनीच राहतील, पिराजी खेळेल. अण्णांनी विचारलं, लॅपटॉप बिघडला का? निनाद म्हणाला, लॅपटॉप ठणठणीत आहे.

पिराजी तोवर उठून चिंचेमागे गेला होता. त्याचाही फोन चालला होता. आवाज बारीक होता, पण ऐकू येत होता. तो मुलीला सांगत होता की दोन वाजताच ये, उशीर केलास तर पुढची जागा मिळणार नाही, आणि हो, मैत्रिणींनाबी आण. समोरून काहीतरी विचारलं गेलं. पिराजी म्हणाला, न्हाई गं, गोल मी करत नसतो. मग पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. पिराजी जरा थांबला. म्हणाला, काय करतो ते तू येऊन बघ.

तो परत आला तेव्हा निनादने लॅपटॉप पुन्हा उघडला होता. आता त्याला एक नवीनच अडचण दिसत होती.

“पण वस्ताद, उद्या चार नंबर कोणी घालायचा? उपांत्य सामन्यात आपण एकही गोल खाल्ला नाही. चूक कोणाचीच नाही.”

चारही बॅक एकमेकांकडे बघायला लागले.

“कोण म्हणालं?” पिराजी म्हणाला.

“इथे आहे. शून्य गोल. हिरवा…”

“दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा नऊ नंबर माझ्या पाठीमागनं सुटला होता. मला पत्ताच नव्हता. गोलसमोर एकटा होता तो. त्यानं बारवरनं मारला. मारला नसता तर आपण घरी होतो.”

“तसं बघाय गेलं तर माझा पास त्यांच्याच पायात गेला होता,” अस्लम म्हणाला. “खांबाला लागून परत आला चेंडू. आठवालंय?”

“ते काहीच न्हाई,” दिगू म्हणाला. “कॉर्नरच्या वेळी मी माझा माणूस सोडून भलत्यालाच धरून बसलो होतो.”

“तो आपलाच मुन्ना होता,” संकेत म्हणाला.

पुन्हा हसू झालं. मुन्ना तिकडून ओरडला, तरीच त्या दिवशी माझी जर्सी फाटली. मग संकेतनेही आपली एक चूक सांगितली, मग अस्लमला आणखी एक आठवली. जो तो हट्टाने आपलीच चूक मोठी म्हणून सांगायला लागला. पोरं कैऱ्यांवरून भांडावीत तसे ते चौघे भांडत होते. निनाद ऐकत होता. ऐकता ऐकता तो एकेक गोष्ट टिपून घेत होता. त्याच्या सर्वांत चांगल्या सामन्यात त्याला सात चुका सापडल्या, आणि त्यातली एकही त्याच्या तक्त्यात नव्हती.

त्याने तो रकाना निवडला आणि त्याचा हिरवा रंग काढून टाकला.

शेवटी वस्तादांनी हात वर केला.

“नऊ नंबर कुणाच्या पाठीमागनं सुटला?”

“माझ्या,” पिराजी म्हणाला.

वस्तादांनी निनादकडे बघितलं. निनादने चार नंबरची जर्सी अंगातून काढायला सुरुवात केली. ती पोटाशी अडकली. दिगू आणि अस्लमने दोन्ही बाजूंनी ओढून त्याला तिच्यातून बाहेर काढलं. घामाने भिजली होती ती. निनाद ती धुऊन देतो म्हणाला, पण पिराजीने ती तशीच घेतली, घडी घातली आणि काखेत धरली.

हळूहळू सगळे आपापल्या घरी निघाले. पिराजी जाताना निनादच्या पाठीवर थाप मारून गेला. म्हणाला, आवाज चांगला आहे तुझा, उगाच पुण्यात ठेवलास.

मागे दोघेच राहिले.

वस्तादांनी पुन्हा जाळी मांडीवर घेतली. शेवटचं भोक उरलं होतं. दोरा या वेळी निनादने ओवून दिला.

“वस्ताद.”

“हं.”

“अकरा सामने मोजले मी. आणि खरं सांगू का, आपला बचाव चांगला आहे की वाईट, हेच मला अजून सांगता येणार नाही.”

वस्तादांनी टाका घातला…

“उद्या लॅपटॉप आणू की नको?”

“आण की. तुझं काम आहे ते.”

“मग कुठे बसू?”

“चुकलेला माणूस कुठं उभा राहतो?”

निनाद हसला. “मागे.”

“मग आपल्या गोलच्या मागं उभा राहा.”

निनादने मान डोलावली. लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. दोन पावलं गेला आणि परत वळला.

“पण वस्ताद, तिथे उभा राहून मोजू काय?”

वस्तादांनी दोरा दातांनी तोडला. जाळी झटकली, दोन्ही हातांत उंच धरली आणि तिच्यातून पलीकडच्या रिकाम्या मैदानाकडे बघितलं.

“गोलकडं जे येणार होते आणि आले न्हाईत,” ते म्हणाले, “त्यांना मोज.”